कोणती गोळी बरी? झोपेच्या औषधांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांच्या टपालात झोपेच्या गोळ्यांविषयीची पत्रे इतकी साठली, की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त हीच पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथे वाचलेल्या मजकुरावरून कोणीही आपली चालू गोळी आज रात्रीपासून बंद करू नये. का करू नये, ते पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका असून सांगलीत एकटी राहते. सहा वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलामची पॉइंट टू फाइवची गोळी पंधरा दिवसांसाठी दिली होती. ती पुढे पॉइंट फाइवची झाली आणि बंद काही झाली नाही. रात्री साडेदहाला गोळी घेते, अकराला झोप लागते आणि साडेतीनला टक्क जाग येते. माझे दीर क्लोनाझेपाम घेतात, त्यांना सकाळी सातपर्यंत झोप असते. शेजारच्या काकू झोल्पिडेम घेतात आणि ‘हिची सवय लागत नाही’ असे सांगतात. मुलीने न्यू जर्सीहून मेलाटोनिनची 10 मिलिग्रॅमच्या गोळ्यांची बाटली आणून दिली आहे. या चारांत सर्वांत चांगली आणि कमी अपायकारक कोणती? मी गोळी बदलावी का?

उत्तर : आपण पत्रात घड्याळातल्या वेळा लिहिल्या आहेत, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. बहुतेक पत्रांत ‘झोप येत नाही’ एवढेच वाक्य असते आणि तेवढ्यावरून कोणत्याही दोन गोळ्यांची तुलना करता येत नाही. ज्याला रात्री एकपर्यंत कूस बदलत पडावे लागते त्याची अडचण वेगळी, आणि ज्याला पडल्या पडल्या झोप लागून पहाटे तीनला जाग येते त्याची अडचण वेगळी. आपली अडचण दुसऱ्या प्रकारची आहे.

आता गोळ्यांकडे वळू. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या बेंझोडायझेपिन या एकाच घराण्यातल्या गोळ्या आहेत. या घराण्यातले पहिले औषध, लिब्रियम, 1960 साली बाजारात आले. 1963 साली डायझेपाम आले, जे आपल्याकडे ‘काम्पोज’ या नावाने घरोघरी माहीत झाले. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन पेशींना शांत करण्याचे काम करते आणि या गोळ्या त्या रसायनाचा प्रभाव वाढवतात. झोल्पिडेमची रासायनिक घडण निराळी आहे, म्हणून तिला ‘झेड’ गटात घालतात, पण ती काम करते ते त्याच गाबाच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवर गाबा जिथे चिकटते त्या जागांवर. त्यामुळे शेजारच्या काकूंचे ‘हिची सवय लागत नाही’ हे विधान खरे नाही. झोल्पिडेम जेव्हा नवी होती तेव्हा डॉक्टरही असेच समजत असत; रोज घेतली तर तिचीही सवय लागते आणि एकदम सोडली तर झोप आधीपेक्षा बिघडते.

मग या तिघींत फरक कशाचा? लोक मला विचारतात, ‘यातली भारी कोणती आणि हलकी कोणती?’ हा प्रश्नच थोडा चुकलेला आहे असे माझे मत आहे. गोळी किती मिलिग्रॅमची आहे यापेक्षा ती शरीरात किती वेळ मुक्काम करते हे पाहावे लागते. रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ म्हणजे त्याचे अर्धायुष्य. ते झोल्पिडेमचे सुमारे अडीच तास आहे, अल्प्राझोलामचे सुमारे 11 तास आणि क्लोनाझेपामचे 30 ते 40 तास. समजा, तिघांनी रात्री दहाला आपापली गोळी घेतली आणि सकाळी सहाला उठून चहाचे आधण ठेवले. ढोबळ हिशेबाने त्या वेळी झोल्पिडेमचा जेमतेम दहावा हिस्सा रक्तात उरलेला असतो, अल्प्राझोलामचा निम्म्याहून थोडा जास्त, आणि क्लोनाझेपामचा 80 टक्क्यांच्या वर. दुसऱ्या रात्री दहाला आपले दीर पुढची गोळी घेतात तेव्हा आदल्या रात्रीची सुमारे 60 टक्के गोळी अजून अंगात असते. नवी गोळी तिच्यावर चढते, तिसऱ्या रात्रीची त्या दोन्हींवर, आणि आठवड्याभरात त्यांच्या रक्तातले औषध पहिल्या रात्रीच्या अडीच पटीच्या आसपास जाऊन स्थिरावते. चिठ्ठीवर मात्र ‘पॉइंट फाइव’ एवढेच लिहिलेले असते. त्यांना सातपर्यंत झोप असते ती यामुळे. आणि दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता त्यांची मान कलंडत असेल, नाव आठवायला वेळ लागत असेल किंवा जिना उतरताना कठडा धरावासा वाटत असेल, तर तेही यामुळेच असू शकते. त्यांना एकदा विचारून पाहा.

आपली साडेतीनची जाग याच हिशेबात बसते. सहा वर्षांत मेंदू या औषधाला सरावला आहे. गोळी घेतल्यावर एकदोन तासांत औषध रक्तात शिगेला पोचते तेव्हा झोप लागते, आणि मध्यरात्रीनंतर ते उतरू लागले की सरावलेल्या मेंदूला ते कमी पडू लागते. 0.25 ची 0.5 झाली ती याच कारणाने, आणि 0.5 ची 1 करून काही महिने बरे गेले तरी पुढे पुन्हा हेच होईल. इथे एक बाब नोंदवतो. अल्प्राझोलामला अमेरिकेत मान्यता आहे ती चिंताविकारासाठी आणि पॅनिकच्या झटक्यांसाठी, क्लोनाझेपामला फेफरे आणि पॅनिकसाठी. निव्वळ निद्रानाशासाठी या दोन्हींना तिथे मान्यता नाही, आणि आपल्याकडे झोपेसाठी सर्वांत जास्त लिहिल्या जाणाऱ्या गोळ्यांत याच दोन दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत ‘15 दिवस’ लिहिलेली, पण आठ वर्षे घडी घालून पाकिटात जपलेली चिठ्ठी मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे. दोष रुग्णाचा नसतो; पंधरा दिवसांनी काय करायचे ते त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

झोल्पिडेमवर गेल्याने आपले काम होणार नाही, कारण साधी झोल्पिडेम झोप लागण्यासाठी उपयोगी असते आणि आपल्याला झोप लागतेच आहे. शिवाय तिचा उपयोगही लोक समजतात तेवढा मोठा नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्यांच्या एका एकत्रित विश्लेषणात झेड गटातल्या गोळ्यांनी नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा झोप सरासरी 22 मिनिटे लवकर लागली, असे यंत्राच्या मोजणीत आढळले.

मेलाटोनिनचा हिशेब आणखी निराळा आहे. तो गुंगी आणणारा पदार्थ नाही. अंधार पडल्यावर मेंदूतली एक ग्रंथी तो सोडते आणि ‘रात्र झाली’ असा निरोप शरीराला देते. बाहेरून घेतलेल्या मेलाटोनिनने झोप लवकर लागण्यातला फायदा अशाच एका विश्लेषणात सरासरी सात मिनिटांचा निघाला. साध्या गोळीतले मेलाटोनिन तासाभरात निम्मे होते, म्हणजे साडेतीनच्या जागेवर त्याचा इलाज नाही. मुलीच्या प्रेमाचा मान राखून सांगतो, 10 मिलिग्रॅम ही मात्रा गरजेपेक्षा बरीच जास्त आहे. युरोपात 55 वर्षांवरील लोकांसाठी जी हळूहळू विरघळणारी गोळी मान्य आहे, ती 2 मिलिग्रॅमची असते. मेलाटोनिनची सवय लागत नाही हे खरे आहे. चारांत कमी अपायकारक कोणती, एवढेच विचाराल तर हीच. आपल्या तक्रारीवर उपयोगी कोणती, असे विचाराल तर हीसुद्धा नाही.

पहाटेच्या जागेसाठी अभ्यासलेली औषधे या चारांच्या बाहेरची आहेत. डॉक्सेपिन हे जुने नैराश्यविरोधी औषध 3 ते 6 मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत झोप टिकवण्यासाठी 2010 साली अमेरिकेत मान्य झाले. जागे ठेवणाऱ्या ओरेक्सिन या रसायनाला अडवणारी सुव्होरेक्सांट (2014), लेम्बोरेक्सांट (2019) आणि डॅरिडोरेक्सांट (2022) ही त्यानंतरची. ही गाबाच्या वाटेला जात नाहीत. जागेपणाची कळ तेवढी सैल करतात. 2022 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 154 चाचण्यांची आणि 44 हजारांहून अधिक रुग्णांची एकत्र तुलना प्रसिद्ध झाली. तीत एकूण परिणाम पाहता झेड गटातले एस्झोपिक्लोन आणि लेम्बोरेक्सांट ही दोन औषधे वर आली, पण पहिल्याचे दुष्परिणाम बरेच आणि दुसऱ्याच्या सुरक्षिततेची माहिती अपुरी, असा शेराही अभ्यासकांनी जोडला.

म्हणून आपण विचारता तसा गोळीचा बदल मी आज सुचवणार नाही. आपल्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे, पहाटे जाग आल्यावर मन खिन्न असते का, दिवस ओझ्यासारखा वाटतो का, जेवणातली चव गेली आहे का, हे त्यांना मोकळेपणाने सांगावे, कारण पहाटेची जाग हे नैराश्याचे नेहमीचे लक्षण आहे आणि तसे असेल तर उपचार नैराश्याचा करावा लागतो. दुसरी, अल्प्राझोलाम टप्प्याटप्प्याने कमी करण्याची. सहा वर्षांची गोळी एकदम थांबवली तर घाम, थरथर, जिवाची घालमेल आणि क्वचित फेफरेही येते. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्के कमी, शेवटचे टप्पे त्याहून सावकाश, अशी ही उतरण असते. आपल्यासारख्या मात्रेला चारसहा महिने लागले तरी ते अपयश समजू नये. साधी गोळी अर्धी करता येते; पण स्वयंपाकघरातल्या सुरीने नको, तिचे तुकडे लहानमोठे होतात. मेडिकलमध्ये गोळी कापायची छोटी डबी मिळते. स्ट्रिपवर ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ (औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिले असेल तर मात्र गोळी कापायचीच नाही.

त्याबरोबर अंथरुणातला वेळ आवळावा. आपण साडेदहा ते बहुधा सहापर्यंत पलंगावर असता आणि झोपता साडेचार तास. निद्रानाशावरच्या मानसोपचारात, जो 2016 पासून अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेच्या शिफारशीत गोळीच्या आधीचा उपचार आहे, नेमके हेच गणित सुधारतात. दोन आठवडे वहीत झोपेच्या वेळा लिहायच्या, मग जितकी झोप होते तेवढाच वेळ, पण पाच तासांपेक्षा कमी नाही, अंथरुणात घालवायचा. आपल्या बाबतीत साडेबाराला पडायचे आणि साडेपाचला गजर लावून उठायचे. अंथरुणातल्या वेळेपैकी 85 टक्के झोपेत जाऊ लागला, की पंधरा-पंधरा मिनिटे वाढवायची. वीसेक मिनिटे डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचे आणि डोळे जड झाले की परतायचे. पहिले दोन आठवडे दिवस जड जातात आणि वामकुक्षी सोडावी लागते. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला ती सोडणे गोळी सोडण्यापेक्षा कठीण जाते, असा माझा अनुभव आहे. फेफऱ्याचा किंवा बायपोलर आजाराचा इतिहास असेल तर मात्र हा प्रयोग घरच्या घरी करू नये.

प्रश्न : माझे वडील 78 वर्षांचे आहेत. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. झोपेसाठी झोल्पिडेम 10 मिलिग्रॅम घेतात आणि ती पुरली नाही तर सर्दीची गोळीही घेतात, कारण तिने गुंगी येते. गेल्या महिन्यात रात्री लघवीला उठताना ते मोरीच्या उंबऱ्याशी पडले. हाड मोडले नाही. त्यांना दुसरी कोणती सुरक्षित गोळी देता येईल? (नाशिक)

उत्तर : हाड मोडले नाही हे नशीब. ते का पडले असतील, हे आधी पाहू. झोल्पिडेमने तोल जातो, टॅमसुलोसिनने उभे राहताना रक्तदाब उतरतो, लघवीची गोळी त्यांना अवेळी उठवते आणि सर्दीची गोळी या सगळ्यावर गुंगी चढवते. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते, त्यातली डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन यांसारखी औषधे तोंड कोरडे करतात, बद्धकोष्ठ आणतात, म्हाताऱ्या माणसाला रात्री भ्रम पाडतात, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबवतात. झोपेसाठीचा त्यांचा गुण चार दिवसांत बोथट होतो, अवगुण होत नाही. ती सर्वांत आधी घरातून काढा.

झोल्पिडेमची वृद्धांसाठीची मात्रा 5 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची बीअर्स यादी तर 65 वर्षांवरील माणसांना बेंझोडायझेपिन आणि झेड गट शक्यतो टाळाच, असे सांगते. 60 वर्षांवरील रुग्णांच्या 2005 सालच्या एका विश्लेषणात झोपेच्या औषधांनी रात्रीची झोप सरासरी 25 मिनिटांनी वाढली. 13 जणांना औषध दिल्यावर एकाला फायदा आणि सहा जणांना दिल्यावर एकाला अपाय, असे प्रमाण त्यात निघाले. फायद्याच्या दुप्पट अपाय, हे आकडे मी प्रत्येक मुलाला आणि सुनेला सांगतो, कारण गोळीचा आग्रह बहुतेक वेळा वडिलांपेक्षा घरच्यांचा असतो.

दुसरी गोळी शोधण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, लघवी वाढवणारी गोळी सध्या संध्याकाळी असेल तर सकाळी घेता येईल का. एवढ्या एका बदलाने काहींचे रात्रीचे उठणे दोनदा कमी होते. गुडघे किंवा पाय दुखून झोपमोड होते का, घोरताना श्वास अडतो का, तेही पाहा. श्वास अडत असेल तर बेंझोडायझेपिन गटाची गोळी घशाचे स्नायू आणखी सैल करते. एवढे करूनही औषध लागलेच तर 2 मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी मेलाटोनिन किंवा मेलाटोनिनच्या ग्राहींवर काम करणारी रॅमेल्टिऑन 8 मिलिग्रॅम यांचा विचार डॉक्टर करू शकतील. ती सौम्य आहेत आणि त्यांचा गुणही सौम्य आहे. झोल्पिडेम आधी निम्मी, मग बंद, हेही त्यांच्याच देखरेखीखाली व्हावे. आणि मोरीच्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा आजपासून लावा.

प्रश्न : मी 33 वर्षांची असून पुण्यात अमेरिकन वेळेच्या शिफ्टमध्ये काम करते. पहाटे चारला घरी येते आणि झोल्पिडेम 10 घेते. मागच्या शनिवारी मित्रमंडळींत दोन ग्लास वाइन झाली होती, त्यावर गोळी घेतली. दुपारी उठले तर ओट्यावर नूडल्सचे खरकटे पातेले होते आणि गॅसचे बटण अर्धवट चालू होते. मी काही शिजवल्याचे मला आठवत नाही. हे कशाने?

उत्तर : हे गोळीने झाले, आणि वाइनने ते होण्याची शक्यता वाढवली. झोल्पिडेम घेऊन अर्धवट झोपेत चालणे, स्वयंपाक करणे, गाडीसुद्धा चालवणे, आणि त्यातले काहीही न आठवणे, अशा घटना इतक्या नोंदल्या गेल्या की 2019 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने झोल्पिडेम, एस्झोपिक्लोन आणि झालेप्लॉन या तिन्हींवर सर्वांत कडक चौकटीतला इशारा छापायला लावला. असे एकदा जरी घडले तरी ती गोळी त्या माणसाने पुन्हा घ्यायची नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्या बाबतीत ते घडले आहे. रोजची सवय असेल तर कशी थांबवायची ते याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून ठरवा, आणि तोपर्यंत एकटीने झोपताना सिलिंडरचा कॉक बंद ठेवा.

मात्रेचाही मुद्दा आहे. स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम सावकाश बाहेर पडते असे दिसल्यावर 2013 साली अमेरिकेत स्त्रियांसाठीची मात्रा 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणली गेली. आपल्याकडे 10 ची गोळी अजून सरसकट लिहिली जाते, याचे मला नवल वाटते आणि थोडा रागही येतो.

आपला त्रास मुळात निद्रानाशाचा आहे की वेळापत्रकाचा, हेही तपासायला हवे. सुटीच्या दिवशी उन्हे वर आल्यावर झोपून आपल्याला गोळीविना सात तास झोप लागत असेल, तर झोपेचे यंत्र शाबूत आहे. अशा वेळी घरी येताना गडद गॉगल, खोलीला जाड पडदे, शिफ्टच्या दुसऱ्या अर्ध्यात चहा-कॉफी नाही, सुटीच्या दिवशीही झोपेची वेळ फार न हलवणे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपण्याआधी कमी मात्रेचे मेलाटोनिन, हा मार्ग धरावा. मेलाटोनिनची खरी जागा इथे आहे.

प्रश्न : आमच्याकडे जायफळ उगाळून दुधातून देतात. अश्वगंधा आणि तगर यांच्या गोळ्याही मिळतात. या तरी निर्धोक ना? (रत्नागिरी)

उत्तर : सहाणेवर दोन वळसे उगाळलेल्या जायफळाने कोणाचे बिघडल्याचे मी पाहिलेले नाही; पण चमचाभर पूड घेतली तर उलट्या, छातीत धडधड आणि भ्रम होऊ शकतो, तेव्हा दोन वळशांवरच थांबावे. अश्वगंधेने झोप थोडी सुधारल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले आहे, मात्र तिने यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत आणि थायरॉइडचे औषध घेणाऱ्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. तगरीच्या जातकुळीतल्या व्हॅलेरियनला अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शिकेने निद्रानाशासाठी नापसंती दिली. अर्थात त्याच मार्गदर्शिकेने मेलाटोनिन आणि ट्रॅझोडोन हे नैराश्यविरोधी औषध यांनाही नापसंती दिली, आणि झोल्पिडेमसारख्या ज्या गोळ्यांना होकार दिला तोही ‘दुबळी शिफारस’ असे म्हणूनच.

प्रश्न : आमचा मेडिकलवाला पूर्वी नुसत्या रिकाम्या स्ट्रिपवर अल्प्राझोलाम द्यायचा, आता चिठ्ठी मागतो आणि वहीत नाव लिहून घेतो. हे कायद्यात आहे का? (परभणी)

उत्तर : आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे 1 मार्च 2014 पासून औषधविषयक नियमांच्या ‘एच-वन’ परिशिष्टात आहेत. ती विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. स्ट्रिपवर लाल चौकटीतला इशारा असतो, तो पाहा. आपला मेडिकलवाला नियमाने वागतो आहे. रिकाम्या स्ट्रिपवर देणारे दुसरे दुकान शोधू नका, आणि पुढच्या वेळी चिठ्ठीसाठी डॉक्टरांकडे गेलात की किती दिवस घ्यायची ते तारखेसकट लिहून मागा.